पट भरलाय, पण पोरं कुठंयत?

प्रिय बंड्या,

तुझी व्हॉइस नोट ऐकली, एवढी लांब की मधे आमची रेंज जाऊन परत आली तरी तू बोलतच होतास. मुख्याध्यापक झाल्याचं अभिनंदन फोनवर झालंय, आता जरा कामाचं बोलू.

तू म्हणतोस पोरं शाळेत येतात, बाकावर बसतात, पण शाळा त्यांना आपली वाटत नाही. गॅदरिंगला तीच आठ-दहा पोरं, वक्तृत्वाला तीच, विज्ञान प्रदर्शनाला पण तीच, बाकीची टाळ्या वाजवायला. आणि यावर तुमच्या स्टाफ मीटिंगमधे उपाय काय निघाला तर अजून उपक्रम घ्यायचे! अरे उपक्रमांनी पोरं शाळेत रमली असती तर महाराष्ट्रात एक लेकरू शाळाबाह्य राहिलं नसतं, एवढे उपक्रम आपल्याकडं पडलेत. प्रवेशोत्सव आहे, आनंददायी शनिवार आहे, माझी शाळा सुंदर शाळा आहे. वाईट कुठलाच नाय, पण बघ ना, जूनमधे शाळा उघडली की पहिलीच्या पोरांना बैलगाडीत बसवून मिरवायचं, हातात फूल द्यायचं, फोटो केंद्राच्या ग्रुपवर टाकायचा. दुसऱ्या दिवशी ते लेकरू कुणाशेजारी बसलं, सुट्टीत त्याला कुणी खेळायला घेतलं का, हे कोण विचारतंय? त्याचा फोटो मागवलेला नसतो ना.

आमच्याकडचं सांगतो, त्यातलं तुला काय घेता येईल ते घे. आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, चार मास्तर. बीड जिल्हा म्हणल्यावर तुला कळलंच असेल, निम्म्याच्या वर घरं कोयत्यावर, मंजे ऊसतोडीला, जाणारी. दसरा-दिवाळीच्या आसपास मजूर नेणाऱ्या मुकादमाचे ट्रक येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, मंजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, मग कोल्हापूर सांगली नायतर सरळ कर्नाटकात. पाडव्याच्या आगेमागे परत. मंजे शाळेचं अर्धं वर्ष अर्धा वर्ग कुठंतरी उसाच्या फडात. तुझी पोरं बाकावर बसून हरवलीत आणि आमची खरोखरच चारशे किलोमीटरवर असतात, पण दुखणं एकच आहे असं मला वाटतं. मी नसलो तर इथं कुणाचं काही अडत नाही, हे पोराला एकदा कळलं की मग ते येवो न येवो, शाळेतनं ते गेलेलं असतं.

म्हणून आम्ही सुरुवात कुठनं केली तर खिचडीच्या तांदळापासून. हसू नको. पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम आणि सहावीच्या पुढं १५० ग्रॅम तांदूळ. हे गणित आधी सर करायचे आणि वहीत लिहायचे. आता पोरं करतात. परिपाठ झाला की दोघंजण वर्गावर्गातनं आकडा घेऊन येतात, मंजे समज खालचे ४१ आले तर चार किलो शंभर, वरचे १२ आले तर एक किलो आठशे, झाले पाच किलो नऊशे. काट्यावर स्वतः मोजून स्वयंपाकीण मावशींना द्यायचे. यात गुणाकार, दशांश अपूर्णांक सगळं आलं ते सोडून दे, खरी गंमत वेगळीच झाली. काल सहा किलो होते, आज शंभर ग्रॅम कमी का, कोण नाय आलं? हा प्रश्न पोरं विचारायला लागली. पूर्वी हजेरीत "गैरहजर" म्हणून एक खूण पडायची आणि विषय संपायचा. आता शंभर ग्रॅम कमी भरले की कुणीतरी दुपारी वाडीवर जाऊन बघून येतं. तिसरीतल्या एका पोरीच्या घरी बहिणीला ताप होता म्हणून तिला पाळण्यापाशी ठेवलेलं, तर हिच्या मैत्रिणी डब्यात खिचडी घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आज्जीलाच घेऊन आल्या. कुठल्या परिपत्रकात आहे हे?

दुसरं मंजे कामं. पण नावापुरती नकोत बाबा. तुमच्याकडं पोरांचं मंत्रिमंडळ असेल ना, आरोग्यमंत्री स्वच्छतामंत्री वगैरे, निवडणूक होते, बॅज लावतात आणि मग वर्षभर त्या बॅजचं काम काय तर सरांनी सांगितल्यावर रांग सरळ करायची. ते पोराला बरोबर कळतं. काम असं पाहिजे की ते केलं नाही तर त्या दिवशी खरंच कुठंतरी अडेल. आमच्याकडं टाकीचा कॉक सोडणं बंद करणं एका पोराकडं आहे, तो विसरला तर दुपारी हात धुवायला पाणी नाय, आणि दोनदा तसं झालं तर पोरांनीच त्याला फाडून खाल्ला, मला बोलायची गरज पडली नाही. पुस्तकांची पेटी दोघींकडं, त्या कुणाला पुस्तक द्यायचं कुणाला नाय यावर एवढ्या कडक आहेत की मला स्वतःला सही केल्याशिवाय पुस्तक मिळत नाही.

आणि हुशार पोरांनाच काम द्यायची आपली जी सवय आहे ना, मॉनिटर मंजे पहिल्या नंबरचा, ती पहिली मोड. तुमचं गॅदरिंग तिथंच अडकलंय. परिपाठ आमच्याकडं आळीपाळीनं, पटावरच्या नावाप्रमाणं, कुणालाही सूट नाही आणि कुणाचीही पाळी दुसऱ्याला विकत मिळत नाही. अडखळत का होईना दिनविशेष वाचायचा. पहिले काही आठवडे ऐकवत नाही, खरं सांगतो, एकेक वाक्याला पाच मिनिटं, आणि तुझ्या शाळेत तर पालकांचे फोन येतील की आमच्या मुलीला संधी का नाही. येऊ दे.

आता जाणाऱ्या पोरांचं. हंगामी वसतिगृह मिळतं आम्हाला, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं, पोरं गावातच आजी-आजोबांपाशी राहतात आणि जेवणाची सोय होते. त्यामुळं बरीच थांबतात. पण सगळी नाही थांबत, धाकटं भावंडं सांभाळायला थोरली लागतेच, आणि जिथं म्हातारी माणसंच नाहीत तिथं कुणापाशी ठेवायचं? जाणाऱ्याला शिक्षण हमी कार्ड देतो, मंजे तिकडच्या शाळेनं दाखवून घ्यावं. कायद्यानं तर सगळं चोख आहे, २००९ च्या आरटीईनं, मंजे शिक्षण हक्क कायद्यानं, वयाप्रमाणं वर्ग द्यायचा, मधेच आलं तरी घ्यायचं. पण तिकडं ते पोरगं "ऊसतोड्याचं" म्हणून मागच्या भिंतीला बसतं, दोन महिन्यात टोळी दुसऱ्या फडावर हलते, आणि इकडं आपल्या हजेरीत तीस दिवस सलग गैरहजर झालं की ते शाळाबाह्य. दोन्हीकडच्या कागदावर आहे आणि दोन्हीकडं नाही.

यावर आम्ही काय करतो, तर शनिवारी फोन. शाळेचा एक मोबाईल स्पीकरवर टाकून तिकडच्या पोराला लावतो, संध्याकाळी नाही तर लय पहाटे, टोळी कधी मोकळी असेल तसं, आणि शाळेच्या वेळेत नाही जमलं तर वसतिगृहातली पोरं बोलतात. अभ्यास झाला का हे विचारायला बंदी आहे! तो सांगतो आज कुठला गाव, कारखाना कुठला, टायरगाडी भरायला किती वेळ लागला, मोळी कशी बांधतात, वाढं, मंजे उसाचे शेंडे, विकून आईनं काय आणलं, कोपीत, मंजे त्यांच्या झोपडीत, रात्री थंडी किती वाजते. इकडची पोरं नकाशावर टाचणी लावतात. सातवीतल्या एकानं कर्नाटकातनं कानडी आकडे सांगितले, ओंदु एरडु मूरु, आता आमची पहिलीची पोरं लगोरी खेळताना कानडीत मोजतात.

याचा उपयोग एप्रिलमधे होतो. पूर्वी ही पोरं परत यायची तेव्हा पाव्हण्यासारखी दारात उभी राहायची, वही कोरी, गणित बुडालेलं, आणि आपण लगेच त्यांना "मागे पडलेली" म्हणून वेगळं बसवायचो. आता ती येतात तेव्हा सगळ्या शाळेला त्यांची माहिती असते. मी त्यांनाच फळ्यापाशी उभं करतो. वजनकाट्यावर गाडी भरलेली आणि रिकामी कशी मोजतात, टनाला भाव काय, उचल फिटायला किती टन तोडावा लागतो, हे गणित पाचवीच्या पुस्तकात नाही आणि ते या पोरांना तोंडपाठ आहे. बुडालेला अभ्यास भरून काढावाच लागतो, तो काय जादूनं होत नाही, मे महिन्यात उन्हात बसून घेतो आम्ही. पण मान वर करून बसलेल्या पोराला भागाकार लवकर येतो, एवढं मात्र मी पैजेवर सांगतो.

तुला आठवतं का, डीएडला ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणातल्या दोघी आपण मार्कांपुरत्या पाठ केल्या होत्या? बोर्डीला १९४५ साली सुरू केलेलं काम, मग कोसबाड. तिथली आदिवासी पोरं गुरं राखायला जायची म्हणून शाळेत येईनात, तर या बायांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. तेव्हा मी नुसतं नाव लक्षात ठेवलेलं. आता वाटतं केवढा दांडगा विचार आहे, पोराला गुरं सोडून ये म्हणाल्या नाहीत त्या. आपण मात्र अजून पोरानं आधी घर, भाषा, काम सगळं गेटच्या बाहेर ठेवून यावं आणि मग आत रमावं म्हणतो.

भाषेचं निघालं म्हणून, आमच्याकडं तांड्यावरची बंजारा पोरं बरीच. घरी त्यांची गोरमाटी बोली. पहिलीत येतं ते लेकरू गप्प, आणि आपल्याला वाटतं मंद आहे. अरे ते मंद नाय, त्याला तू काय बोलतोयस तेच कळत नाही! दुसरीतली तांड्यावरचीच पोरगी शेजारी बसवली की महिनाभरात तोंड उघडतं. आणि श्रावणात त्यांच्या तीज सणाची गाणी त्या पोरींनी शाळेत म्हणली तेव्हा गावातल्या पोरी ताल धरून शिकल्या, आधी या दोन गटांत डबासुद्धा एकत्र नव्हता. सगळं गोड झालं असं म्हणत नाही, काही घरांतनं कुरकुर आलीच.

पालकांचं मात्र तुझ्याकडं अवघड जाईल. आरटीईप्रमाणं आठवीपर्यंतच्या आपल्यासारख्या शाळांत व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बाया लागतात, कागदावर सगळीकडं असतात. पण मीटिंग सकाळी अकराला ठेवली तर रोजंदारी बुडवून कोण येणार, अंगठा तेवढा घरपोच येतो. आम्ही रात्री मारुतीच्या पारावर घेतो, एकदा तांड्यावर घेतो. बाया पहिल्यांदा बोलल्या त्या कशावर, तर मुतारीला दार नाही यावर. आणि बरोबर होतं त्यांचं, सहावी-सातवीच्या पोरी का गळतात यावर आपण चर्चासत्र घ्यायचो आणि दाराला कडी नव्हती.

पोरींचं काळजीचंच आहे रे. आमची सातवीला संपते, पुढं माध्यमिक लांब, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस येते आठवी ते बारावीच्या मुलींना फुकट, पण बस रस्त्यावर थांबते आणि रस्ता तांड्यापासनं लांब. पुस्तकांची पेटी जिच्याकडं होती त्यातली एक, आई-बाप फडावर, पोरगी वयात आलेली, कुणापाशी ठेवायची म्हणून लग्न लावून दिलं. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झालेला. शाळा तिला आपली वाटत होती, आजही येऊन पेटीपाशी बसते माहेरी आली की. पण शाळा आपली वाटली म्हणून घरचं सगळं सुटतं असं नाही, हे तुला कुणी वर्कशॉपमधे सांगणार नाही म्हणून मी सांगतोय.

तर आता तू काय करायचं. सुंदर कल्पना वगैरे सोड. एका दुपारी आठवीच्या एका तुकडीची नावं पट न बघता आठवून लिही, आणि सगळ्या सरमॅडमना पण लिहायला लाव. मग पटाशी जुळव. जी नावं कुणाच्याच कागदावर आली नाहीत, तिथनं सुरू कर. ओरडणारी, मारामाऱ्या करणारी तर सगळ्यांना आठवतीलच, न आठवणारी ती मधली, ना पहिली ना शेवटची. त्यांच्यातल्या प्रत्येकाशी वर्गातल्या कुठल्यातरी एका मास्तरानं रोज दोन वाक्यं बोलायची, अभ्यास सोडून कशावरही. एवढंच. याचा अहवाल मागू नकोस, नायतर स्टाफ त्याचं पण रजिस्टर करतील. आणि स्टाफवर चिडू पण नकोस, निम्म्यांना निवडणुकीचं काम, निम्मे ऑनलाइन माहिती भरण्यात, शाळा मास्तरालाच आपली वाटत नसेल तर पोराला कुठनं वाटणार. शिपाईमामांना विचार, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त पोरं नावानिशी माहीत असतील.

गॅदरिंगचं म्हणशील तर यंदा बक्षिसं कमी कर आणि पडद्यामागची कामं वाढव. लाइट, खुर्च्या, मेकअप, सूत्रसंचालन, चहा. आठवीच्या पोरांकडं चहाचा हिशोब दे, बघ काय करतात. पैसे थोडे कमी भरतील कदाचित, मी सांगितलं नाही म्हणू नको.

बाकी घरी सगळं बरं. आईचे गुडघे तसेच. तू येतो येतो म्हणतोस तर दसऱ्याच्या आधी ये, नंतर आलास तर अर्धी पोरं भेटणार नाहीत. आणि येताना कर्नाटकाचा एखादा मोठा भिंतीवरचा नकाशा मिळाला तर घेऊन ये, आमच्याकडचा महाराष्ट्राच्या हद्दीवर संपतो आणि टाचण्या भिंतीत ठोकाव्या लागतायत.

तुझाच,
मास्तर

ता.क. वहिनींना सांग ज्वारीचं पीठ पाठवतोय, गाडीवाल्याकडं दिलंय.