गॉबलर डावीकडे होता

प्रिय बाळ्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. माझी शुगर आटोक्यात, हिचा गुडघा थंडीपेक्षा बरा, पोरगी मजेत. फोनच केला असता, पण तिकडे तुझ्या जिप्सीची घाई, इकडे माझी शिफ्ट, आणि ही गोष्ट घाईत सांगण्यासारखी नाही. तुझ्याखेरीज ती कोणाला कळेल असंही वाटत नाही. नुसत्या कॉलवरून वाघ कुठल्या नाल्यात आहे ते सांगणारा माणूस तू, आणि आबांच्या वेळी घरात काय झालं तेही तूच भोगलंस.

आमच्या शेजारचे आजोबा तुला ठाऊक आहेत. फोटोत पिकअपला टेकून उभे होते ते. एप्रिलचा तिसरा सोमवार आला की इथे अमेरिकेत, मिझुरीत, टर्की पक्ष्याच्या शिकारीचा वसंतातला हंगाम उघडतो, तीन आठवड्यांचा. मारायचा तो नर, किंवा ज्याच्या छातीवर दाढी, म्हणजे पिसांचा झुपका, लोंबताना दिसते असा पक्षी. बंदूक आजोबांची, माझे फक्त कान. मी शिकार करत नाही, करणारही नाही, पण या पहाटा सोडवत नाहीत बघ. ओझार्कच्या टेकड्या, ओढ्याकाठी पांढऱ्या खोडांचे सिकामोर, उतारावर डॉगवुड फुललेलं, आणि उजाडायच्या आधी इथला रातवा एकच सूर धरून बसलेला. तू असतास तर परत जायचं नाव काढलं नसतंस.

नर टर्की, म्हणजे गॉबलर, रात्र झाडावर काढतो आणि फटफटलं की तिथूनच माद्यांना हाका घालतो. पण कधी गप्प बसतो. मग त्याला बोलतं करायला शिकारी घुबडाचा आवाज काढतात. इथल्या बार्ड घुबडाचे आठ सूर असतात, चार आणि चार, शेवटचा घसरत खाली येणारा. या दिवसांत नराला इतका चेव चढलेला असतो की मोठा आवाज अचानक झाला की त्याच्या तोंडून उत्तर सुटतंच. घुबड, कावळा, कायोटी, मालगाडीचा भोंगा, मोटारीचं दार, वीज, काहीही चालतं. मृगाच्या आधी ढग गडगडले की नागझिऱ्याच्या तळ्यापलीकडे मोरांचा केकारव कसा सुरू होतो, आठव. आणि गंमत ऐक, इथल्या शिकारीच्या दुकानात मोराच्या आवाजाची पुंगी मिळते. मिझुरीच्या जंगलात मोर! मी ती हातात घेऊन उभाच राहिलो.

आता तुझ्या कपाळावर आठी पडली असणार. मेळघाटात रानपिंगळ्यासाठी मोबाईलवर आवाज लावू दिला नाहीस आणि चिखलदऱ्यापर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही, ते मी विसरलेलो नाही. पण ऐकून खूश होशील: इथे टर्कीच्या शिकारीत रेकॉर्ड केलेला आवाज कायद्यानेच बंद आहे. तोंडाने काढा, फुंकून काढा, पाटीवर घासून काढा. शिवाय लोकेटर म्हणतात तो आवाज दुसऱ्याच प्राण्याचा असतो. त्याने गॉबलर येत नाही, फक्त आपला ठावठिकाणा सांगून मोकळा होतो. जवळ येतो तो मादीच्या हाकेला, आणि ती हाक नीट जागा धरून बसल्याशिवाय काढायची नाही. आधीच काढली तर तो चालत येतो आणि आपण वाटेत उभे सापडतो. तेव्हा रानपिंगळ्याच्या बाबतीत तू बरोबर होतास, आणि इथला नियम तुझ्या नियमापेक्षा वेगळा नाही, एवढंच म्हणतो.

हे सगळं मला आजोबांनी शिकवलं. आधी गप्प उभं राहून नुसतं ऐकायचं, तो आपणहून बोलला तर हाकेची गरजच नाही. पहिली हाक हलकी, कारण तो डोक्यावरच बसलेला असू शकतो. हाक तोकडी, कारण तो आपला आवाज संपायची वाट बघत नाही, मध्येच ओरडतो, आणि आपण लांबवत बसलो तर त्याचं उत्तर आपल्याच आवाजाखाली दडपतं. ऐकणाऱ्याने हाक घालणाऱ्यापासून चार पावलं लांब राहायचं. उत्तर आलं तरी निघायचं नाही, दुसऱ्यांदा ऐकून दिशा पक्की करायची. त्याने मान पलीकडे वळवली की जवळचा आवाजही लांबचा वाटतो, आणि पालवी फुटली की जंगल आवाज खातं. मग शंभरेक यार्डांवर, खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसायचं. ऊन वर आलं की घुबड बंद, कावळ्याची पुंगी सुरू. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाजाच्या रोखाने दबा धरत जायचं नाही. तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याने काढलेला असू शकतो. अंगावर तांबडं, पांढरं, निळंही नको. गॉबलरच्या डोक्याचे रंग तेच.

तर त्या पहाटे आम्ही कुरणावरच्या धारेवर उभे होतो. घुबड मी काढलं. डाकबंगल्याच्या गच्चीवरून हुमा घुबडाला बोलावायचो तो घसा अजून शाबूत आहे. उत्तर लगेच आलं. डाव्या हाताला, खाली ओढ्यात, सिकामोरवरून. इतकं जवळ की शेवटची घरघरसुद्धा ऐकू आली. मी वळलो तर आजोबांनी उजवा हात वर केलेला. बोट कुरणाकडे, थेट उलट्या बाजूला. चेहऱ्यावर पूर्ण खात्री, हसूही. मी कोपराला हात लावून डावीकडे खूण केली. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा हाक घातली, त्यांना ऐकू यावं म्हणून. तो पुन्हा ओरडला, आणि आजोबा उजव्या कानामागे तळहात धरून आणखी उजवीकडे वळले.

ते निघाले, मी मागे. पाच-सहा पावलं गेलो असू. टर्कीची नजर तुला सांगायला नको. पंखांचा धडधडाट झाला, तो ओढ्यावरून पलीकडे गेला. तेव्हा आजोबा थांबले. पक्षी गेला त्या दिशेकडे बघितलं, मग माझ्याकडे. पिकअपमध्ये बसल्यावर म्हणाले, टेकड्या आवाज फिरवतात. मी काही बोललो नाही. घराजवळ आल्यावर म्हणाले, माझ्या मुलीला सांगू नकोस.

त्यांना ऐकू येतं, बाळ्या. कुठून येतं ते कळत नाही. आयुष्यभर उजव्या खांद्यावरून बारा बोअर चालवली, कानात बोळा न घालता. उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, तोच आधी जातो. दिशा ठरवायला दोन्ही कान लागतात, आवाज कोणत्या कानात आधी आणि मोठा पोचला त्यावरून मेंदू बाजू ठरवतो. एक कान मंद झाला की जग दुसऱ्या कानाच्या बाजूला सरकतं. आणि आमच्या उजवीकडे, कुरणाच्या कुंपणापलीकडे, त्या दिवसांत दुसरे शिकारी बसतात. लाकडी पेटीवर मादीची हाक घालत. माझी झोप उडालीये ती यामुळे. त्यांचा स्वतःचा नियम ते मोडणार नाहीत हे मला माहीत आहे, पण नियम पाळूनही माणूस चुकीच्या झाडाला पाठ लावून, चुकीच्या बाजूला तोंड करून बसू शकतो.

ही म्हणते, मुलीला आजच्या आज सांगा, जिवाशी खेळ आहे. खरं आहे. पण मुलगी काय करेल? बंदूक कपाटात, किल्ली तिच्याकडे. आबांची सायकल आपण काढून घेतली तेव्हा सगळे म्हणाले, बरं केलंत. त्यानंतर आबा फाटकाबाहेर गेलेले तुला आठवतात? मला नाही आठवत.

आणि या माणसाचं आयुष्य या आवाजावर उभं आहे रे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अख्ख्या मिझुरीत अडीच हजारांहून कमी टर्की उरल्या होत्या. ते लहानपणी याच टेकड्यांत हिंडले, पण गॉबलर ऐकला नाही. त्यांच्या आजीला तो आवाज ठाऊक होता, वडिलांना नव्हता. मग १९५४ पासून जाळ्यात जिवंत पकडून पक्षी ठिकठिकाणी सोडायला लागले, आणि १९६० साली तीन दिवसांचा पहिला हंगाम झाला. तेव्हा सगळ्या राज्यात मिळून ९४ नर मारले गेले. आजोबा तेव्हा शाळेत होते. वडिलांबरोबर धारेवर उभे राहून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज ऐकला. गोळी कुणी झाडली नाही, तरी वडील घरी येईपर्यंत रडत होते म्हणतात. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, स्टीअरिंगवरून हात न काढता. आता पुन्हा काही वर्षांपासून पक्षी कमी झालेत, पूर्वीसारखी धारेधारेवरून उत्तरं येत नाहीत, ते त्यांच्या मनाला लागतं.

मी मधला मार्ग शोधतोय. इथे २०२२ पासून श्रवणयंत्र डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतं. शिकाऱ्यांसाठी निराळी येतात, बारीक आवाज मोठा करणारी आणि बार झाला की कान झाकणारी. आजोबा म्हणतात वारा सुटला की त्यात नुसती घोंघों होते. दुसरं म्हणजे मीच दर हंगामात त्यांच्याबरोबर जायचं: घुबड मी काढेन, दिशा मी दाखवेन, झाड मी निवडेन, आणि त्यांनी एकट्याने जायचं नाही असं वचन घ्यायचं. पण माझी शिफ्ट असेल त्या पहाटे ते घरी बसतील का? पाच वाजता पिकअपचा आवाज आला की मला अंथरुणातच घाम फुटेल.

तुझं काय? नवीन गाइडच्या पोरांचं प्रशिक्षण झालं का? वहिनींच्या बदलीचं कळव. धाकट्याला बारावीच्या वर्षी जंगलात फार ओढू नकोस, मास्तर आपल्याला काय म्हणायचे ते आठव. तेंदूपत्ता सुरू झाला असेल, उन्हात सांभाळून.

आणि हे वाचून झालं की लगेच लिही. आबांच्या सायकलीबद्दल तुला आज काय वाटतं ते खरं सांग, माझं मन राखू नकोस. पुन्हा ती वेळ आली तर काढून घेशील का? तू जे लिहिशील त्यावर मी त्यांच्या मुलीशी बोलायचं की नाही ते ठरवणार आहे. हंगाम संपलाय, पुढच्या एप्रिलपर्यंत वेळ आहे, पण ऑक्टोबरातही टर्कीचा हंगाम असतो आणि आजोबांनी कालच बंदुकीला तेल दिलंय.

तुझाच,
बापू