सीट, सूज आणि पहिले सहा तास

चि. अद्वैत,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "खाली थोडं दुखतंय, सायकलमुळे असेल" एवढंच म्हणालास आणि विषय बदललास. वृषणाच्या दुखण्याबद्दल बापाशी बोलणं अवघड जातं, हे मी समजू शकतो. म्हणून सगळं पत्रातच लिहितो आहे. तुला सवडीने, पुन्हा पुन्हा वाचता येईल. पण "सायकलमुळे असेल" हा निष्कर्ष शेवटी काढायचा असतो. बाकीची कारणं नाहीत अशी खात्री झाल्याशिवाय सगळा दोष सीटवर टाकू नकोस.

सगळ्यांत आधी एक गोष्ट पाठ करून ठेव. एका बाजूच्या वृषणात अचानक जोराची कळ आली, मळमळ किंवा उलटी झाली, तो वृषण नेहमीपेक्षा वर ओढल्यासारखा किंवा आडवा झालेला दिसला, तर वृषणाला पीळ पडला असण्याची शक्यता आहे. वृषण ज्या दोरीवर लोंबतो, तिच्यातूनच त्याला रक्त मिळतं. पीळ पडला की रक्त थांबतं. पहिल्या सहा तासांत शस्त्रक्रिया करून पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतो. त्यानंतर दर तासाला शक्यता घटत जाते. हे साधारण १२ ते १८ या वयात जास्त होतं, पण तुझ्या वयातही होतं, आणि झोपेतही होतं. त्या दिवशी सायकल चालवली होती की नव्हती, याचा विचार करत बसायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. वाटेत काही खायचं-प्यायचं नाही, कारण भूल द्यावी लागू शकते. "वृषणात अचानक दुखायला लागलं, इतक्या वाजता सुरू झालं" हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.

इथे दोन चुका फार जण करतात. वृषण हाताने उचलून धरल्यावर बरं वाटलं म्हणजे पीळ नाही, असं समजतात. ती खूण भरवशाची नाही. दुसरं म्हणजे कळ आपोआप थांबली की सुटलो असं वाटतं. पीळ पडून आपोआप सुटणं आणि पुन्हा पडणं हेही घडतं, म्हणून थांबलेल्या कळेसाठीसुद्धा त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं.

तू सांगितलंस त्यावरून तुझं दुखणं तसं वाटत नाही. ते हळूहळू वाढलंय आणि वृषणाच्या मागच्या बाजूला आहे. वृषणाच्या मागे एक बारीक वेटोळ्यांची नळी चिकटलेली असते, एपिडिडिमिस. तिला सूज आली की दुखणं एक-दोन दिवसांत चढत जातं. मागचा भाग हाताला जाड आणि दुखरा लागतो, कधी ताप येतो, कधी लघवीला जळजळ होते. बहुतेक वेळा कारण जंतुसंसर्ग असतं. पस्तिशीच्या आतल्या पुरुषांत हा संसर्ग बऱ्याचदा लैंगिक संबंधातून आलेला असतो, क्लॅमिडिया किंवा गनोरिया. मोठ्या वयात तो मूत्रमार्गातल्या साध्या जंतूंचा असतो. यावरून मी तुझी परीक्षा घेत नाहीये. डॉक्टरने विचारलं तर खरं सांग, एवढंच. प्रतिजैविक कोणतं द्यायचं ते त्या उत्तरावर ठरतं. चुकीचं औषध पडलं तर सूज रेंगाळते. आणि निदान तसं निघालं तर जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार व्हायला हवेत.

डॉक्टरांना तुझ्या लघवीची तपासणी आणि वृषणांची डॉप्लर सोनोग्राफी करावीशी वाटेल. दोन्ही कर. सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसतो, सूज दिसते, पाणी साचलं असेल तर तेही कळतं. औषध दहा ते चौदा दिवसांचं असू शकतं. दोन-तीन दिवसांत दुखणं उतरू लागतं, पण मागचा जाडसरपणा काही आठवडे राहतो. तो राहिला म्हणून घाबरायचं नाही आणि दुखणं थांबलं म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. तीन दिवसांत काहीच फरक पडला नाही तर मात्र पुन्हा दाखव.

तोवर घरी काय करायचं? सायकल बंद, पूर्ण. उताणा पड आणि टॉवेलची गुंडाळी करून वृषणाखाली ठेव, म्हणजे ते लोंबणार नाहीत. चालता-फिरताना घट्ट बसणारी चड्डी किंवा सपोर्टर घाल. बर्फ फडक्यात गुंडाळून एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, पहिले दोन दिवस. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही, तिथली कातडी फार पातळ असते. गरम पाण्याचा शेक या टप्प्यावर नको. पोटाचा, मूत्रपिंडाचा किंवा दम्याचा त्रास नसेल तर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर घेता येते, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. पण गोळीने दुखणं दबलं म्हणून डॉक्टरकडे जाणं पुढे ढकलू नकोस. आणि सारखं चाचपून पाहू नकोस, त्यानेही दुखतं.

समज, तपासणीत संसर्ग नाही, पीळ नाही, हर्निया नाही, मूतखडा नाही. हे शेवटचे दोन मुद्दाम लिहिले, कारण त्यांच्या कळाही वृषणात उतरतात. मग सीटकडे वळू.

बसल्यावर आपला भार नितंबांतल्या दोन हाडांवर पडायला हवा. त्या दोन हाडांमध्ये, वृषणाच्या मागे आणि गुदद्वाराच्या पुढे जो मऊ भाग आहे, त्यातून नस आणि रक्तवाहिन्या जातात. भार तिथे आला की आधी बधिरपणा येतो, मग वृषणाच्या पिशवीत आणि आसपास ठणका लागतो. ही नस दुखावली असेल तर बसल्यावर दुखणं वाढतं, उभं राहिल्यावर उतरतं, आणि कमोडवर बसल्यावर त्या मानाने बरं वाटतं, कारण तिथे मधला भाग मोकळा असतो. या खुणा तुझ्या बाबतीत आहेत का ते बघ आणि डॉक्टरलाही सांग.

आधी हाडांमधलं अंतर मोज. कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेव. पातळ चड्डीवर त्यावर बस, पाय एखाद्या पाटावर ठेव म्हणजे गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येतील, पुढे वाक आणि अर्धा मिनिट तसाच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसले नाहीत तर पेन्सिल आडवी धरून हलकेच घास. खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोज. बहुतेकांचं माप १०० ते १४० मिलिमीटरमध्ये येतं. मध्यम वाकून चालवणाऱ्याने त्यात २० ते २५ मिलिमीटर मिळवायचे. ताठ बसणाऱ्याला आणखी रुंद सीट लागते, फार खाली वाकणाऱ्याला थोडी अरुंद चालते. सीट मोजायची ती तिच्या सगळ्यांत रुंद जागी. सीट अरुंद असली तर हाडं कडेवरून निसटतात आणि सगळा भार मधल्या भागावर येतो. दुखतंय म्हणून लोक जाड जेलची मऊ सीट घेतात, आणि तिथेच फसतात. हाडं त्या जेलमध्ये रुततात आणि मधला भाग वर फुगून नेमका नको तिथे दाबतो. बेताची कडक, योग्य रुंदीची, मध्ये खाच असलेली सीट जास्त बरी.

पुढचं टोक वर उचललेलं असणं ही मला दिसलेली सगळ्यांत नेहमीची चूक आहे. सायकल सपाट जमिनीवर उभी कर, सीटवर टोकापासून मागपर्यंत एक सरळ फळी ठेव आणि तिच्यावर पाणसळ किंवा फोनमधलं लेव्हल ठेवून बघ. जमिनीचा उतारही तपास, नाहीतर माप चुकेल. सुरुवात शून्य अंशापासून कर, मग टोक एक ते दोन अंश खाली ने. साधारण २७ सेंटिमीटर लांबीच्या सीटवर एक अंश म्हणजे टोकाशी जेमतेम पाच मिलिमीटरचा फरक, म्हणून डोळ्यांनी अंदाज करू नकोस. तीन अंशांच्या पलीकडेही जाऊ नकोस. मग शरीर पुढे घसरत राहतं, हात दुखतात आणि दर मिनिटाला मागे सरकताना तीच जागा पुन्हा घासली जाते. सीट दांड्यावर धरून ठेवणारा क्लँप एका बोल्टचा असेल तर त्याला दाते असतात, हवा तो कोन मिळत नाही आणि बोल्ट सैल राहिला तर एखाद्या खड्ड्यात टोक वर उचकतं. भागावर लिहिलेल्या टॉर्कइतका, म्हणजे आवळण्याच्या जोराइतका, तो आवळ आणि दोन फेऱ्यांनंतर कोन पुन्हा तपास.

मग उंची. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली आणलं की गुडघा सरळ व्हायला हवा. पाय नेहमीच्या जागी घेतल्यावर गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक येतो. सीट उंच असेल तर पेडल गाठण्यासाठी कंबर डावी-उजवी हलते आणि मधला भाग सीटवर करवतीसारखा घासला जातो. मागून फोनवर चित्रीकरण करून घे, लगेच दिसतं. हलत असेल तर पाच मिलिमीटर खाली घे. हँडल फार खाली किंवा लांब असलं तरी ओटीपोट पुढे झुकतं आणि भार टोकाकडे जातो. तेव्हा स्टेमखालची (हँडल पकडणाऱ्या आडव्या तुकड्याखालची) एखादी स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी चकती, वाढव किंवा स्टेम एक सेंटिमीटर आखूड घे.

हे सगळं एकाच दिवशी बदलू नकोस. आधी जुन्या जागांवर टेप लावून खूण कर, एका वेळी एकच गोष्ट बदल, दोन-तीन छोट्या फेऱ्या मार, वहीत लिही. नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

सगळं जमवूनही बधिरपणा गेला नाही तर पुढचं टोक नसलेल्या सीटचा विचार कर. दिसायला विचित्र असतात, हाताळणीची सवय व्हायला वेळ लागतो, पण त्यामागे ठोस पुरावा आहे. कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य अभ्यासणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश (NIOSH) या सरकारी संस्थेतल्या संशोधकांनी सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना अशा सीट सहा महिने वापरायला दिल्या होत्या. बधिरपणा अजिबात न जाणवलेल्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

पॅडवाल्या शॉर्ट्सखाली चड्डी घालू नकोस. तिची शिवण नेमकी तिथेच काचते. शॉर्ट्स घट्टच हव्यात. सैल असल्या तर वृषण मांडी आणि सीटच्या मध्ये सापडतात. सीटवर बसताना ते वर आणि पुढच्या बाजूला नीट घेऊन बस, यात लाजण्यासारखं काही नाही. पॅड चपटा झाला असेल तर शॉर्ट्स बदल. प्रत्येक फेरीनंतर धुवून पूर्ण वाळव, घामट शॉर्ट्समध्ये बसून राहू नकोस. क्रीम कातडीचं घासणं कमी करतं, आतल्या दुखण्याला तिचा उपयोग नाही.

चालवताना दर दहा मिनिटांनी पेडलवर उभा राहा, निदान पंधरा सेकंद. ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल एका जागी बसवून चालवायच्या स्टँडवर, हे विसरायला होतं. तिथे सायकल हलत नाही, खड्डे नाहीत, म्हणून माणूस तासभर एकाच जागी दाबून बसतो. तिथे पुढच्या चाकाखाली गरजेपेक्षा उंच ठोकळा ठेवला तर सीटचं टोक आपोआप वर जातं. ट्रेनरवर चढवल्यानंतर लेव्हल पुन्हा लाव. खडबडीत वाटेवर टायरमधली हवा थोडी कमी ठेव आणि खड्डा दिसला की सीटवरून ऊठ. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी डोंगरात जोरदार सायकल चालवणाऱ्या पुरुषांची सोनोग्राफी केली तेव्हा अनेकांच्या वृषणकोशात बारीक खडे आणि गाठी सापडल्या होत्या. वारंवार बसणारे लहान धक्के हे त्याचं कारण त्यांनी सांगितलं. सायकलच्या नळीवर आपटलास आणि तासाभरानेही दुखणं उतरलं नाही, किंवा सूज वाढली, काळं-निळं झालं, तर त्याच दिवशी सोनोग्राफी हवी.

पोरं होण्यात अडचण येईल का, हा प्रश्न तू विचारणार नाहीस, म्हणून मीच लिहितो. ब्रिटनमध्ये पाच हजारांहून अधिक सायकलस्वार पुरुषांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. सायकलवर घालवलेला वेळ आणि वंध्यत्व यांचा संबंध त्यात आढळला नाही. दुर्लक्ष केलेल्या संसर्गाने मात्र वृषणामागची ती नळी बंद होऊ शकते, म्हणूनच आधी डॉक्टर म्हणतो आहे.

महिन्यातून एकदा गरम पाण्याने अंघोळ केल्यावर दोन्ही वृषण अंगठा आणि बोटांमध्ये हलके फिरवून बघत जा. डावा थोडा खाली असणं नेहमीचंच आहे. न दुखणारी कडक गाठ लागली तर ती दुखण्यापेक्षा जास्त महत्त्वाची, लगेच दाखव.

परत सुरुवात करायची ती रोजच्या चालण्या-बसण्यात आठवडाभर काही दुखलं नाही तरच. पहिली फेरी सपाट रस्त्यावर वीस-तीस मिनिटांची. दुसऱ्या दिवशी सकाळी काही नसेल तर हळूहळू वाढव, असेल तर पुन्हा दोन-तीन दिवस विश्रांती आणि सीटचा कोन तपास. दुखणं तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलं तर मूत्ररोगतज्ज्ञाबरोबर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टलाही भेट. ते स्नायू सतत आवळलेले राहिले तरी दुखतं, आणि तेव्हा आवळण्याचे व्यायाम केले तर आणखी बिघडतं.

उद्याच डॉक्टरची वेळ घे. जाताना कागदावर लिहून ने: कधी सुरू झालं, कोणत्या बाजूला, ताप, लघवीची जळजळ, बधिरपणा, घेतलेल्या गोळ्या. सोनोग्राफीचा अहवाल आणि पुठ्ठ्यावरचं माप मला पाठव, सीटची रुंदी आपण मिळून ठरवू.

तुझा,
बाबा