लीड्सहून आबांना पत्र

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. आबांची पोरगी परदेशात सापांची सुईण झाली, असे पेठेत बोलतात हे वाचून हसू आले. बंडूने मळ्यातून आणलेले धामणीचे पिल्लू काही खात नाही आणि अशा वेळी त्याची आई काय करते, हा तुमचा प्रश्न मात्र नेमका आहे.

आई काहीच करत नाही. इकडे घरोघरी पाळतात ती कॉर्न स्नेकची मादी अंडी घालून निघून जाते. अजगराची मादी अंड्यांना वेटोळे घालून बसते, पण पिल्लांना तीही भरवत नाही. पिल्लू पोटात उरलेल्या बलकावर पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दहा दिवस, निभावून नेते. नव्या मालकांना तेवढाही धीर नसतो. आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात पहिला प्रश्न असतो तो उबेचा आणि लपायच्या जागेचा, कारण गारठलेला किंवा भेदरलेला साप खात नाही. त्यानंतर केस न फुटलेले, गोठवलेले उंदराचे पिल्लू कोमट करून लहानशा अंधाऱ्या डबीत रात्रभर सोबत ठेवतात; तरीही नाकारले, तर त्याला पालीचा वास लावतात, कारण रानात कॉर्न स्नेकची पिल्ले मुख्यतः पाली-सरड्यांवर वाढतात. तोंड उघडून भरवणे हा अगदी शेवटचा उपाय. त्या धसक्याने पिल्लू अधिकच बिथरते.

काहींचे न खाणे मात्र जन्मजात दोषामुळे असते. मागे पेन्सिलीहून बारीक, केशरी रंगाचे एक पिल्लू आले होते. पाठीवरून बोट फिरवले की मानेखाली कण्याला दोन ठिकाणी बाक लागत असे, आणि गिळलेला घास पहिल्या बाकापाशी अडकून उलटून येई. कॉर्न स्नेकची अंडी साधारण २७ ते २९ अंशांत उबवायची असतात. उष्णता फार वाढली, तर असे कणे वाकतात. त्या पिल्लाला डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ दिले, आणि मला ते योग्यच वाटले. बॉल पायथन या पाळीव अजगराच्या 'स्पायडर' वाणाचा प्रकार मला अधिक खटकतो. त्यात नक्षी देणाऱ्या जनुकाबरोबरच कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागाचा दोषही येतो. डोके डुगडुगते, भक्ष्यावरचा नेम चुकतो, आणि हे ठाऊक असूनही नक्षीपायी लोक त्याची पैदास करतात.

बंडूचे पिल्लू बहुधा धडधाकट असावे. बरणीत कोंडल्यावर कोणता साप खाईल? धामणीची पिल्ले बेडूक खातात, तेव्हा आईला बरणीत दूध ओतू देऊ नका. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप पाळता येत नाहीत. ते धामणच आहे याचीही खात्री नाही, म्हणून बंडूला हात घालू न देता आजच वनविभागाला कळवावे किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवावे.

आईस नमस्कार, बंडूस आशीर्वाद.

तुमची,
सुमन