जगण्याचे टक्के छापताना सालही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगावरच्या लेखांत ‘इतके टक्के रुग्ण दहा वर्षे जगतात’ असे वाक्य हमखास असते. ते टक्के कोणत्या काळातल्या रुग्णांवरून काढले, हे मात्र क्वचितच लिहिलेले आढळते. संथ वाढणाऱ्या लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) बाबतीत ही उणीव फार जाचते, म्हणून हे पत्र.

या गटात सर्वांत जास्त आढळणारा प्रकार फॉलिक्युलर लिम्फोमा. वय साठच्या वर, आजार तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात, हिमोग्लोबिन 12 च्या खाली, रक्तातले एलडीएच हे एन्झाइम वाढलेले आणि गाठी चारपेक्षा जास्त भागांत, यांपैकी किती गोष्टी लागू होतात हे मोजून डॉक्टर जोखीम ठरवतात. या निर्देशांकाला ‘फ्लिपी’ म्हणतात. 2004 साली तो प्रसिद्ध झाला, तेव्हा दहा वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण कमी जोखमीच्या गटात सुमारे 71 टक्के, मधल्या गटात 51 आणि जास्त जोखमीच्या गटात 36 टक्के निघाले. आजही हेच आकडे वाचायला मिळतात. पण त्या रुग्णांचे निदान 1985 ते 1992 या काळातले, आणि रिटुक्सिमॅबला अमेरिकेत मंजुरी मिळाली 1997 मध्ये! ज्या औषधाने या आजाराचे चित्र पालटले, ते या रुग्णांच्या निदानाच्या वेळी बाजारातच नव्हते.

माझी मोठी बहीण जास्त जोखमीच्या गटात मोडते. तिने 36 हा आकडा वाचला आणि घरातली कागदपत्रे आवरायला काढली. त्या हिशेबात हृदयविकाराने किंवा अन्य कारणाने गेलेलेही मोजलेले असतात, हे तिला कुणी सांगितले नव्हते. साठीपुढच्या माणसासाठी हा फरक किरकोळ नाही.

शिवाय निदानाच्या दिवशीचा अंदाज कायमचा नसतो. 2015 च्या एका अमेरिकी अभ्यासात, रिटुक्सिमॅबसह केमोथेरपी घेतलेल्यांपैकी सुमारे 20 टक्के रुग्णांचा आजार दोन वर्षांच्या आत पुन्हा बळावला. त्यांच्यातले जवळपास निम्मेच पुढची पाच वर्षे जगले. उरलेल्यांमध्ये हेच प्रमाण 90 टक्के होते. म्हणजे ती दोन वर्षे नीट पार पडली, तर रुग्णासमोरचे चित्र बरेच आशादायक होते. डॉक्टरांनी त्या टप्प्यावर रुग्णाला समोर बसवून हे सांगायलाच हवे. बरेचदा ‘रिपोर्ट ठीक आहेत’ एवढ्यावरच भागवले जाते. ज्यांचा आजार लवकर उलटला, त्यांनाही हे स्पष्ट कळले पाहिजे, कारण त्यांचे पुढचे उपचार त्यावरून ठरतात.

आपल्याकडे एकच मागणी आहे. जगण्याची टक्केवारी छापताना रुग्णांचे निदान कोणत्या वर्षांतले, त्यांना कोणते उपचार मिळाले आणि मृत्यू फक्त त्या आजाराचे मोजले की सर्व कारणांचे, या तीन गोष्टी त्याच वाक्याशेजारी द्याव्यात. एखाद्या लेखकाकडे ही माहिती नसेल, तर तो आकडा गाळावा.

आपली,
एक नियमित वाचक