‘बाळ सुखरूप असल्याने तक्रार निकाली’ : आरोग्यमंत्र्यांना एका आईचं खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कमी दिवसांच्या बाळाची दुधाची नळी कधी काढायची, हे ठरवण्याबाबत

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी जत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सोमवारी दुपारी मुलांना खिचडी वाढत असताना मोबाईलवर मेसेज आला : ‘बाळ सुखरूप असल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ सात महिने थांबल्यावर आलेलं उत्तर एवढंच. तक्रार दिली तेव्हा तुमच्या खात्यातल्या एका साहेबांनी समोर बसवून सांगितलं होतं, ‘मॅडम, तुमचा जबाब घेतो आणि महिन्याभरात लेखी कळवतो.’ जबाब घ्यायला आजतागायत कोणी आलेलं नाही. म्हणून तो मीच इथे देते.

माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली. वजन १२८० ग्रॅम. आमच्याकडे म्हणतात, सातव्या महिन्यातलं लेकरू तगतं. त्या एका वाक्यावर घरच्यांनी रुग्णवाहिकेतला सगळा रस्ता काढला. तिला पेटीत ठेवलं. तोंडातून पोटात घातलेल्या नळीने दर दोन तासांनी माझं काढलेलं दूध जायचं, सुरुवातीला एका वेळी २ मिली. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण तिथल्या सिस्टरांशी नाही.

अठराव्या दिवशी सकाळी सांगितलं गेलं, ‘३२ आठवडे झाले, नळी काढतोय, आता तोंडाने पाजा. प्यायली की पेटी मोकळी होईल, बाहेर दोन बाळं थांबलीत.’ ऑक्सिजन आदल्या संध्याकाळीच काढला होता. श्वास मिनिटाला ६८ चालला होता, समोर पडद्यावर दिसत होता. सासूबाई दूध पाजायचं घरचं चांदीचं बोंडलं उकळून घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. काचेतून बघून म्हणाल्या, ‘अगं, लेकरू झोपलंय की. झोपल्याल्या लेकराला कोण पाजतंय व्हय?’

माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या आहेत.

मी पाजलं. मला पाजायला सांगितलं होतं. पहिला घोट ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला. दुसरा आत गेला. तिसऱ्याला तिच्या हाताची बोटं ताठ फाकली आणि ओठांभोवतीची कातडी राखेसारखी झाली. ती रडली नाही, खोकलीही नाही. खोकली असती तर मला कळलं असतं. पडद्यावरचा ऑक्सिजनचा ९३ चा आकडा ८१ झाला, ७० झाला, ५८ झाला. सिस्टर धावत आल्या, तिला कुशीवर वळवून तोंडातलं दूध ओढून काढलं, फुग्याने श्वास दिला. माझ्या हातातलं बोंडलं मी कधी खाली टाकलं ते मला आठवत नाही. त्याला पडलेला पोचा आजही आहे.

दूध फुप्फुसात गेलं होतं. न्यूमोनिया झाला. तिला खासगीत हलवलं, तिथे १३ दिवस. शिक्षक सोसायटीतून तीन लाखांचं कर्ज काढलं, त्याचे हप्ते अजून पगारातून कापले जातात. आजारी नवजात बाळावर सरकारी उपचार मोफत, असं सांगणारा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. आमच्या शाळेच्या भिंतीवर त्याची जाहिरात रंगवलेली आहे. मी रोज तिच्या समोरून वर्गात जाते.

यात चूक काय झाली, ते मला नंतर कळलं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं बाळाला एका तालात जमावी लागतात. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. हा ताल साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमाराला बसतो. कोणाचा आधी, कोणाचा नंतर. सरकारी प्रशिक्षणात तक्ता आहे : ३१ आठवड्यांपर्यंत नळी, ३२ ते ३४ चमचा-वाटी किंवा बोंडलं, त्यानंतर अंगावर. पण त्याच तक्त्यात हेही आहे की बाळ न सांडता, न ठसकता पुरेसं पितंय का ते बघा, नसेल तर परत नळीवर न्या. माझ्या मुलीच्या वेळी तक्त्यातला आकडा वाचला गेला. पुढची ओळ वाचायला कोणाला वेळ नव्हता.

वेळ का नव्हता, तेही मी मोजलं. आयांना बसायला जागा नव्हती, म्हणून रात्री मी जिन्याच्या वळणावर बसायची. आत २० बाळं, सिस्टर दोन. दर दोन तासांनी दूध म्हणजे बारा तासांच्या रात्रीत १२० वेळा, एकीच्या वाट्याला ६०. एकेका बाळाला दहा मिनिटं धरली तर ६०० मिनिटं, म्हणजे बारापैकी दहा तास. उरलेल्या दोन तासांत इंजेक्शनं, सलाईन, अंग पुसणं, नवीन भरती आणि रजिस्टर. तीन-चार खाटांमागे प्रत्येक पाळीत एक सिस्टर हवी, असं केंद्राच्या सूचनाच सांगतात. त्या जागा का भरल्या नाहीत, याचा जबाब कोण देणार? की तोही आम्हीच द्यायचा?

खासगीत एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी नळी काढायची घाई केली नाही. दूध द्यायच्या वेळी आधी पाच मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहायच्या. डोळे उघडलेत का, मूठ तोंडाकडे नेते का, गालाला बोट लावलं तर मान वळवते का, श्वास साठच्या आत आहे का. मग हातमोजा घालून करंगळी तिच्या जिभेवर ठेवायच्या आणि मलाही ठेवायला लावायच्या. पहिल्या दिवशी दोनदा चोखून ती थांबली. चौथ्या दिवशी जीभ बोटाभोवती पन्हाळीसारखी वळली आणि सहा-सात वेळा चोखून तिने स्वतः थांबून श्वास घेतला. ‘हे बघा, हे पाहिजे होतं,’ सिस्टर म्हणाल्या. सुरुवात ३ मिलीने केली, बाकीचं नळीनेच. भुवई आक्रसली, नाकपुडी फुलली, बोटं फाकली की थांबायचं, उरलेलं दूध संपवायच्या मागे लागायचं नाही. हे सगळं त्या एका वहीत लिहायच्या. यंत्र काही लागलं नाही, महोदय. एक माणूस, पाच मिनिटं आणि एक वही.

तुमचे अधिकारी म्हणतील, अशी तपासणी उपयोगी पडते याला पुरावा नाही. ते मी वाचलं आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ आणि २०१६ च्या आढाव्यांत या तपासणी-पद्धतींची तुलना करणारी एकही योग्य चाचणी सापडली नव्हती. ब्राझीलमध्ये, अमेरिकेत अशा गुणपत्रिका तयार झाल्या आहेत, त्यांतली कोणती सरस, हे अजून ठरायचं आहे. ठरू दे. पण कोणती वही चांगली हे ठरलं नाही, म्हणून बाळाकडे बघायचंच नाही, असा त्याचा अर्थ कोणी काढला तर मी ऐकून घेणार नाही.

माझ्या शाळेत मी एकेका मुलाचं आधार, वजन, उंची, बँक खातं, गणवेशाचं माप ऑनलाइन भरते. एक रकाना राहिला तर केंद्रप्रमुखांचा फोन येतो. वाचता न येणाऱ्या मुलाजवळ बसायला मात्र वेळ उरत नाही. तिकडे सिस्टरांचंही तेच झालंय. सगळ्यांना रकान्यांना जुंपलंय आणि समोरच्या जिवाकडे बघायला कोणी नाही. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, तेव्हा राज्यभर फायर ऑडिट झालं. आग दिसते. एकेक बाळ गुदमरतं ते कुठल्या ऑडिटमध्ये येतं? आणि आमच्या जतची आठवण तर तुम्हाला २०२२ च्या नोव्हेंबरात झाली, शेजारच्या कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री आमच्या ४० गावांवर हक्क सांगून बोलले तेव्हा. पाणी मागून मागून थकलेली माणसं आम्ही. आता लेकराच्या घोटासाठीही अर्ज करायचे का?

मागते ते थोडं आहे. नळी काढण्याआधी बाळाला जागेपणी बघून लिहिलेला एक कागद प्रत्येक नवजात कक्षात सक्तीचा करा, त्यावर सही असू द्या. पेटी हवी म्हणून नळी काढायची नाही, असा लेखी आदेश काढा. रात्रपाळीच्या सिस्टरांच्या जागा भरा. आईला जिन्यावरून आत घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलंय की अशा बाळाला दिवसातले ८ ते २४ तास छातीशी उघड्या अंगाला धरून ठेवा. आई जवळ असेल तर बाळ कधी जागं होतं हे बघायला एक जास्तीचा माणूस तुम्हाला फुकट मिळतो. आणि तिने ‘आज नको, झोपलीय’ म्हटलं तर ते ऐकायचं, असं सिस्टरांना शिकवा.

माझी तक्रार पुन्हा उघडा. मला नुकसानभरपाई नको, कोणाची बदली नको. दोन ओळींचं उत्तर पुरे : त्या सकाळी नळी काढण्याआधी माझ्या मुलीकडे कोणी किती वेळ पाहिलं, आणि ते कुठे लिहून ठेवलंय.

आपली,
एक आई आणि प्राथमिक शिक्षिका
ता. जत, जि. सांगली