ऋण संख्या शिकवणाऱ्या बाईंना अनावृत पत्र

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

निवृत्तीनंतरही आपण डोंबिवलीहून धिम्या लोकलने करी रोडला उतरून आमच्या लालबागच्या शाळेत येत राहिलात आणि सहावीच्या वर्गाला पूर्णांक संख्या शिकवल्यात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र अनावृत लिहिण्याचे कारण एवढेच, की आपली रीत गणिताच्या इतर शिक्षकांनाही कळावी.

शिकवणीतून मुले ‘वजा वजा अधिक’ हा मंत्र पाठ करून येतात. गुणाकारापुरता तो खरा. पण मुले तो बेरीज-वजाबाकीलाही लावतात आणि −३ − ४ चे उत्तर बिनदिक्कत +७ लिहितात. नियम पुन्हा पुन्हा सांगून हे सुटत नाही, कारण त्या चिन्हांमागे मुलांना काहीच दिसत नसते. उणे तापमानाचे उदाहरण द्यावे, तर मुंबईच्या मुलांना तेही ऐकीवच.

आपण सरळ कॅरमच्या सोंगट्या मांडल्यात. पांढरी म्हणजे +१, काळी म्हणजे −१, आणि एक पांढरी व एक काळी मिळून शून्य. तीन काळ्यांत आणखी चार काळ्या आल्यावर सातही काळ्याच राहतात, हे डोळ्यांसमोर घडल्यावर +७ म्हणायला कोणी धजावले नाही. खरी परीक्षा ३ − (−२) ची होती. पाटावर तीन पांढऱ्या, आणि आपण म्हणालात, ‘‘यातून दोन काळ्या उचला.’’ काळी तर एकही नव्हती. आपण उत्तर सांगितले नाहीत, सूचकही काही बोलला नाहीत, नुसत्या थांबलात (ही शांतता सहन करणे शिक्षकाला किती जड जाते, ते शिक्षकच जाणे). अखेर एका मुलीने विचारले, ‘‘बाई, दोन जोड्या ठेवल्या तर चालेल ना? त्या तर शून्यच आहेत.’’ तिने जोड्या ठेवल्या, त्यांतल्या दोन्ही काळ्या उचलल्या आणि पाटावर पाच पांढऱ्या उरल्या.

शून्यातून ऋण वजा केले असता धन उरते, हा नियम ब्रह्मगुप्तांनी इसवी सन ६२८ मध्ये लिहून ठेवला, हे आपण त्यानंतरच सांगितलेत. आधी सांगितले असते, तर तोही एक मंत्रच झाला असता. अठराव्या शतकापर्यंत युरोपातले काही गणिती ऋण संख्या मान्य करायला तयार नव्हते, हे ऐकून तर वर्गातल्या अडखळणाऱ्या मुलांना फारच धीर आला.

सोंगट्या आपण वेळेवर बाजूला ठेवल्यात, याचेही मला महत्त्व वाटते. दोन्ही रंगांच्या नऊ-नऊच असतात. −४८ + १३५ त्यांच्याने होणार नाही. तेव्हा फळ्यावर उभी संख्यारेषा आली, तळघरातल्या पार्किंगपासून वर जाणाऱ्या लिफ्टसारखी, आणि परळच्या टॉवरांत ये-जा असलेल्या मुलांना ती समजावून सांगावी लागली नाही.

हीच मुले आता सातवीत गुणाकाराला येऊन ठेपली आहेत. २ × (−३) = −६, १ × (−३) = −३, ० × (−३) = ०, म्हणजे प्रत्येक पायरीला उत्तर तीनने वाढते; मग (−१) × (−३) किती, हे आपण सुचवल्याप्रमाणे मी त्यांनाच विचारणार आहे. त्या तासाला आपण वर्गात असावे, अशी मुलांची आणि माझी विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
गणित शिक्षिका,
लालबाग, मुंबई