शाळेचा टोल द्यायच्या आधी खिडकीशी येणाऱ्या शिपाईमामांना

मामा, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात दोन शब्द बोला म्हणून मला उठवलं आणि मी नुसताच उभा राहिलो. काय बोलायचं ते घरून ठरवूनही आलो नव्हतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अठरा वर्षं लेथ मशीनवर उभा राहणारा माणूस मी, माझ्या कामात तोंड लागतच नाही. हार घातला, पेढा खाल्ला, खाली बसलो. परत येताना बायको गाडीवर मागं बसून एवढंच म्हणाली, "एवढ्या माणसाला एवढंच?" म्हणून हे पत्र. नाव घालू नका म्हणालात, घालत नाही. बारीक अक्षर तुम्हाला दिसत नाही, तेव्हा नातवाकडून वाचून घ्या. त्यालाही आजोबा काय करायचे ते कळू दे.

आमच्या सोन्याला ऑटिझम आहे, म्हणजे मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी. तो तुमच्या शाळेत दुसरीत आला तेव्हा सात वर्षांचा होता आणि दोन शाळा करून बसला होता. पहिली इंग्रजी माध्यमाची, भिंतींवर फुलपाखरं काढलेली. सव्वा महिन्यात बोलावणं आलं. इतर पालकांच्या तक्रारी आहेत, तुम्ही समजून घ्या. आम्ही समजून घेतलं. दुसऱ्या शाळेनं काढलं नाही, व्हरांड्यात बसवलं. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी निरोप, "उद्या त्याला आणू नका, त्रास होईल." कुणाला होईल, ते सांगितलं नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरगं शाळेत धाडलं नाही तर बापाला दंड ठेवला, त्याच गावात मी पोराचा हात धरून शाळेच्या दारात उभा होतो आणि शाळाच नको म्हणत होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव आहे. मान्यताप्राप्त शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यावा असंही त्यात आहे. त्या पानाची झेरॉक्स मी खिशात घेऊन फिरायचो. एका ऑफिसात टेबलावर ठेवली तर साहेबांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. जाऊ दे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "त्या कपात आपण कशाला पडायचं?"

घरचेही काही मागं नव्हते. आईनं मोबाईल दिला म्हणून झालं. आईनं लाड केले म्हणून झालं. आई कामाला जाते म्हणून झालं. बायको हे सगळं ऐकत भाकऱ्या थापायची. पुढं रात्री जागून वाचायला लागलो तेव्हा कळलं की हे खापर भावकीनं शोधून काढलेलं नाही, जुनंच आहे. अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरनं १९४३ साली अशा अकरा मुलांबद्दल लिहिलं आणि त्यानंतर बरीच वर्षं तिकडचे शिकलेले लोकसुद्धा 'आईची माया कमी पडली' असंच म्हणत होते. ते खोटं ठरून जमाना झाला. जन्मापासूनच मेंदूची घडण वेगळी असते, आईच्या मायेचा त्यात काही संबंध नाही. आमच्या भावकीपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

आणि माझंही सांगतो, कारण दुसऱ्यांना टोमणे मारून स्वतः सुटणं बरं नव्हे. तो पाच वर्षांचा असताना गणपतीच्या मिरवणुकीत मी त्याला खांद्यावर घेतलं आणि थेट डॉल्बीच्या भिंतीपुढं नेऊन उभा राहिलो. सगळ्यांची पोरं नाचत होती. माझंही नाचावं, एवढीच हौस. त्यानं आधी माझे केस ओढले, मग किंचाळला, मग माझ्या कानाला चावला. मी त्याला खाली उतरवलं आणि चारचौघांत दोन ठेवून दिल्या. हट्ट करतोय असं वाटलं मला. तो हट्ट नव्हता. हट्टाला काहीतरी हवं असतं, त्याला फक्त तिथून सुटायचं होतं. हा फरक कळायला मला दोन वर्षं लागली, मामा. तुम्हाला तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांत काय झालं ते मला बायकोकडून कळलं. पहिला महिना ती शाळेच्या फाटकाशी बसून असायची. व्हरांड्याच्या वाशाला टांगलेला तो रुळाचा तुकडा आणि तुमच्या हातातला गज. रुळाचं पोलाद कसलं असतं ते मला विचारा. त्याचा आवाज कानात शिरत नाही, दातात शिरतो. पहिल्या दिवशी टोल पडला आणि सोन्या बाकाखाली गेला. चड्डी ओली. दुसऱ्या दिवशी तेच. बाई चांगल्या होत्या, त्यांनी त्याची जागा भिंतीकडेला केली, दिवसभरात काय काय होणार त्याची चित्रं ओळीनं फळ्याशेजारी चिकटवली. त्यांचे उपकार वेगळे, त्यांना वेगळं लिहीन. पण टोल काही चित्रात मावेना. तिसऱ्या तासापासून पोराचं लक्ष वहीवर नसायचंच. मान वाकडी करून तो दाराकडं बघत बसायचा. इतर पोरं गणितं करत होती, हा टोलाची वाट बघत होता.

मग एक दिवस तुम्ही गज घेऊन टोलाकडं जायच्या ऐवजी पूर्ण वळसा घालून दुसरीच्या खिडकीशी आला. काही बोलला नाही. गज डाव्या हातात, खांद्याएवढा वर धरला. उजव्या हाताची पाच बोटं दाखवली. मग सावकाश चालत गेला आणि टोल दिला. त्या दिवशी सोन्या बाकाखाली गेला. दुसऱ्या दिवशी पण गेला. चौथ्या दिवशी तुमची बोटं बघून त्यानं स्वतःची दोन बोटं कानात घातली, डोळे मिटले, आणि टोल पडल्यावर डोळे उघडून वहीकडं बघितलं. बायको फाटकाशी रडत होती म्हणे. भेळवाल्यानं तिला पाणी दिलं.

शाळा सुटायचा टोल लांब असतो. त्याला तुम्ही दोन्ही हात वर करायचा. हे कुणी सांगितलं तुम्हाला? कुठल्या ट्रेनिंगला गेला होता? मी विचारलं तेव्हा तुम्ही तंबाखू मळत म्हणाला होता, "दादा, पोरगं टोलाला भीत नाय. टोल कवा पडंल ते ठावं नसतंय, त्याला भितंय. आमच्याकडं बैलाला सुदिक मागनं हात लावत नाईत. आदी म्होरं जायाचं, दिसायचं, मग हात." पोराची तुलना बैलाशी केली म्हणून दुसऱ्या कुणाचा राग आला असता. तुमचा आला नाही, कारण तोवर त्याची तुलना फक्त वेड्याशी झाली होती.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मला पटत नाही. स्वतःत बुडालेला कुठं आहे तो? त्याला पंख्याची करकर ऐकू येते, ट्यूबलाईटची गुणगुण ऐकू येते, शेजारच्या वर्गातला पाढा ऐकू येतो, आणि हे सगळं एकाच जोरात. त्यात त्यानं कशीबशी एक गोष्ट घट्ट धरलेली असते, अक्षर म्हणा नाहीतर के.एम.टी. बसचा नंबर म्हणा. आणि नेमका तेव्हाच कुणीतरी ती हिसकावतो. लेथवर जॉब फिरत असताना कुणी मागून मेन स्विच पाडला तर मी काय बोलतो ते उद्यमनगरात विचारा. सोन्या तेवढंही बोलत नाही. आधी सांगितलं की तो आपल्या हातानं मशीन थांबवतो. एवढंच तर हवं होतं.

शब्दांचंही तसंच. आधीच्या शाळेत बाई म्हणाल्या होत्या, "तोंडाला कुलूप लावा." हा रात्री जेवेना. दहा वाजता हळूच विचारतो, "चावी कुणाकडं?" आम्ही हसलो. हसायला नको होतं. दिवसभर तो ते कुलूप सांभाळत होता.

महिना आठ हजार घेऊन त्याला 'शिकवणाऱ्या' एका क्लासात "बघ माझ्याकडं, बघ माझ्याकडं" असं तासभर चालायचं. बघितलं की एक वेफर. तिथं तो वेफर खायला शिकला. तुमच्या डोळ्यात तो आजवर बघत नाही, तुम्ही कधी बघ म्हणालाही नाही. तुम्ही गज वर धरला, तो गजाकडं बघायचा. दोघांचं भागलं. इंग्लंडमधले डेमियन मिल्टन म्हणून एक अभ्यासक आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ साली मांडलं की ही मुलं आपल्याला समजून घेत नाहीत ही अर्धीच गोष्ट झाली, आपणही त्यांना तितकेच समजून घेत नाही. वाचलं तेव्हा मला तुमचा वळसा आठवला. तो वळसा म्हणजे आपल्या वाटणीची अर्धी वाट.

यंदा चौथीचा वर्ग वर गेला. गुडघे धरून तुम्ही जिना चढायचा. मी हिशेब केला, खोड आहे माझी. वर्षाला दोनशे दिवस, दिवसाला आठ टोल, दोन वर्षांच्या झाल्या ३,२०० फेऱ्या, वर चौथीचे दीड महिने. २०१९ च्या पुरात आपलं कोल्हापूर एकमेकांसाठी कसं धावलं ते सगळ्यांनी पाहिलं. छातीभर पाण्यातनं दुधाचे कॅन नेणारी पोरं मी स्वतः बघितलीत. त्या माणुसकीला माझा मुजरा. पण पूर ओसरतो, माणसं आपापल्या कामाला लागतात. रोज आठ वेळा, कुणी बघत नसताना, पगारात धरलेली नसताना करायची माणुसकी निराळी. सोन्याला बसमध्ये पुढची जागा ठेवणारा कंडक्टर आहे, मशीन बंद ठेवून नुसत्या कात्रीनं केस कापणारा न्हावी आहे. यांच्यात एकही जण ऑटिझम हा शब्द नीट उच्चारत नाही. ज्यांना तो उच्चारता येतो त्यांनी आम्हाला व्हरांडा दाखवला.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. तुम्ही पुढं पुढं खिडकीशी म्हणायला लागला होता, "एकच टोल, मग संपलं." हे वाक्य त्यानं उचललं. ऐकलेलं वाक्य तो जसंच्या तसं परत म्हणतो, तुमच्याच आवाजात, तंबाखू धरलेल्या तोंडासकट. आधी आम्हाला वाटायचं, उगीच पोपटपंची. मग लक्षात आलं, कुकरची शिट्टी व्हायच्या आत म्हणतोय. इंजेक्शनच्या रांगेत म्हणतोय. गेल्या दिवाळीआधी माझं बोट लेथच्या चकमध्ये सापडलं. टाके घालताना तो शेजारी होता, सोडायला घरी कुणी नव्हतं. डॉक्टरांनी सुई हातात घेतली तशी सोन्या उठला, माझ्या मागं आला आणि आपले दोन्ही तळहात माझ्या कानांवर घट्ट दाबून धरले. म्हणाला, "एकच टोल, मग संपलं." टाके तीन पडले. तिसऱ्यानंतर हात काढून त्यानं मला सुनावलं, "तीन टोल."

या मुलांना दुसऱ्याचं दुखणं कळत नाही, असं मला सांगणाऱ्या सगळ्यांना त्या दिवशी तिथं बोलवायला हवं होतं.

निरोपाच्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात आलं की शेवटचा टोल सोन्याच्या हातून द्यायचा, फोटो छान येईल. मोबाईल वर झाले होते. मीपण, खोटं कशाला बोलू, खिशात हात घातला होता. तुम्ही गज त्याच्यापुढं धरला, तो एक पाऊल मागं सरला, आणि तुम्ही गज खाली घेतला. "त्याला नको हाय. फोटू माझा काढा." मग त्याला पाच बोटं दाखवून टोल तुम्हीच दिलात.

आता जेवायला या. तांबडा-पांढरा करतो, कुकर लावायच्या आधी सगळ्यांना सांगितलं जाईल. आणि नव्या मामांची काळजी करू नका. शेवटच्या आठवड्यात तुम्ही त्यांना रोज जिना चढवून खिडकी दाखवलीत, ते फुकट गेलं नाही. सोमवारी ते वेळेवर आले. गज खांद्याएवढा वर, पाच बोटं दाखवली, सगळं तुमच्यासारखं. सोन्यानं कानात बोटं घातली नाहीत. त्यांच्या हाताकडं बघत राहिला आणि म्हणाला, "गज डाव्या हातात."

त्यांनी हात बदलला म्हणे.

तुमचा,
सोन्याचा बाप